उठायची वेळ

केअर होम बघायला जाणारी माणसं आधी खोली बघतात. खिडकी कुठल्या बाजूला आहे, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, फरशी घसरते का, रात्री डॉक्टर मिळतो का. हे बघावंच. पण ओळखीत कोणासाठी जागा शोधायची वेळ आली आणि मला सोबत नेलं, की मी आधी भलतंच विचारते: इथे सकाळी किती वाजता उठवता?

उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "साडेपाचला सुरुवात करतो, म्हणजे आठपर्यंत सगळे तयार असतात." सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमान असतो आणि तो खोटा नसतो. तीस-चाळीस थकलेल्या माणसांना आठच्या आत स्वच्छ करून, कपडे बदलून, खुर्चीत बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण तयार म्हणजे कशासाठी तयार, असं विचारलं की समोरचा माणूस थबकतो. कारण नाश्ता झाला की बहुतेक जण दुपारच्या जेवणापर्यंत त्याच खुर्चीत बसून असतात. कुठे जायचं नसतं, कोणी यायचं नसतं. घाई त्यांची नव्हतीच. रात्रपाळी संपायच्या आत निम्मी माणसं उरकली नाहीत तर दिवसपाळी कुरकुरते, म्हणून घाई.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये मनोरुग्णालयं, तुरुंग, बराकी, मठ अशा वरवर काहीच साम्य नसलेल्या जागा एका रांगेत बसवल्या होत्या. झोपणं, काम करणं, विरंगुळा हे सगळं एकाच छपराखाली आणि एकाच अधिकाराखाली. जे करायचं ते घोळक्याने. आणि दिवसाचा प्रत्येक टप्पा दुसऱ्याने आखलेला. वृद्धांसाठीची निवासं त्यांच्या यादीत पहिल्याच गटात होती. गुन्हा न केलेल्या, कोणाला अपाय न करणाऱ्या माणसांचीही दिनचर्या कैद्यासारखी होऊ शकते आणि त्यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही, हे मला त्या मांडणीतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. वेळापत्रक पुरतं.

माझे काका आयुष्यभर एका दैनिकात मुद्रितशोधक होते. रात्रपाळीचे. शेवटची आवृत्ती छपाईला गेली की पहाटे घरी यायचे आणि साडेनऊ-दहापर्यंत झोपायचे. निवृत्त झाल्यावरही हे घड्याळ बदललं नाही. मग स्मृतिभ्रंश सुरू झाला, काकू गेल्या, चुलतभावाला एकट्याला झेपेना आणि काका केअर होममध्ये आले. सुरुवातीच्या काळातल्या त्यांच्या फाइलमधल्या नोंदी मी वाचल्या आहेत. "सकाळी उठण्यास नकार देतात. आंघोळीच्या वेळी हात उगारतात. रात्री झोपत नाहीत, पॅसेजमध्ये फिरतात. नोटीस बोर्डवर रेघोट्या मारतात."

एकही नोंद खोटी नव्हती. त्यांच्यावर झालेली उपाययोजनाही नियमाला धरून होती. रात्रीची गोळी वाढवली. गोळीने काका रात्री झोपले आणि दिवसाही अर्धवट गुंगीत राहिले. गुंगीने पाय लटपटायला लागले. तोल जाऊन पडतील म्हणून खुर्चीला पट्टा आला. पट्टा सोडवायची धडपड सुरू झाली, तेव्हा फाइलमध्ये "अस्वस्थता वाढली" अशी नोंद झाली. पन्नास वर्षांच्या रात्रपाळीची सवय अशी पायरीपायरीने आजाराचं लक्षण बनली.

ही काही फक्त आमच्याच घरची कहाणी नाही. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या बारा नर्सिंग होम्समध्ये एक प्रयोग झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री काळजीचं, म्हणजे त्या त्या माणसाच्या सवयी आणि गरजा बघून केलेल्या काळजीचं, प्रशिक्षण आणि पाठबळ मिळालं, उरलेल्या ठिकाणी नेहमीचं काम नेहमीसारखं चाललं. वर्षाअखेरीस प्रशिक्षण मिळालेल्या ठिकाणी २३ टक्के रहिवासी मनावरची, गुंगी आणणारी औषधं घेत होते. बाकीच्या ठिकाणी ४२.१ टक्के. आणि औषधं कमी झाली म्हणून आरडाओरडा, आदळआपट वाढली म्हणावं, तर तसं काही झालं नाही. म्हणजे त्या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या जे काम करताहेत असं वाटत होतं, ते त्या करतच नव्हत्या.

पट्ट्यांचंही तसंच. अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होम्ससाठी कायदा झाला आणि शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला बांधून ठेवायला मनाई झाली. त्यात दोरी-पट्ट्याबरोबर औषधाने जखडून ठेवणंही धरलं होतं. पडू नये म्हणून बांधतो, हे तोवर सगळ्यांना पटलेलं कारण होतं. पण १९९२ मध्ये मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा बांधून ठेवल्याने गंभीर दुखापती कमी होतात असं काही दिसलं नाही. बांधलेल्या माणसाचे स्नायू झडतात, तोल जातो, आणि ज्या दिवशी पट्टा सुटतो त्या दिवशी तो आधीपेक्षा जोरात पडतो. 

काकांच्या बाबतीत गाठ सुटली ती रात्रपाळीच्या एका ताईमुळे. रात्री दोनला पॅसेजमध्ये फिरणाऱ्या काकांना पुन्हा पलंगावर नेऊन झोपवण्याऐवजी तिने विचारलं, "काका, इतक्या रात्री काय शोधताय?" काका म्हणाले, "पान चार अजून आलं नाही." तिला काही कळलं नाही, पण ती ते विसरली नाही. पुढच्या रविवारी चुलतभाऊ भेटायला गेला तेव्हा तिने ड्युटी संपल्यावर थांबून त्याला विचारलं, पान चार म्हणजे काय.

त्यानंतर तिने काय केलं तर एक अदलाबदल. काकांना तिने सहाला उठवणं सोडलं. त्यांच्या बदल्यात शेजारच्या खोलीतल्या आजींना घेतलं. त्या जन्मभर साडेचारला उठलेल्या. सहा वाजेपर्यंत छताकडे बघत पडून राहायच्या आणि कोणी आलं नाही म्हणून रडकुंडीला यायच्या. आकडा तोच राहिला, माणसं बदलली. दिवसपाळीला एक आंघोळ जास्त नाही की कमी नाही. आणि दहा वाजता, पुरेशी झोप झाल्यावर, ज्या काकांनी हात उगारला नाही त्या काकांना आंघोळ घालायला दोघांऐवजी एकच माणूस पुरलं.

आता एवढ्यावर 'बघा, किती सोपं असतं' असं म्हणायचा मोह होतो. पण ते सोपं नव्हतं. त्या ताईला चार्टवरचं नाव बदलायचा अधिकार नव्हता. तिने सिस्टरना विचारलं, सिस्टरनी मॅडमना, आणि मॅडमनी आधी नाही म्हटलं. कारण तपासणीला कोणी आलं आणि साडेनऊला एक माणूस अंथरुणात दिसला तर काळजी घेतली जात नाही असा शेरा बसेल. अंथरुणातला माणूस म्हणजे हयगय आणि खुर्चीतला माणूस म्हणजे काळजी, हे समीकरण बाहेरून बघणाऱ्या आपण सगळ्यांनीच पक्कं करून ठेवलंय. भेटायला आलेली लेकही आधी हेच म्हणते, "अजून आंघोळ नाही झाली का आईची?"

नोटीस बोर्डवरच्या रेघोट्या बघायला मी मुद्दाम गेले होते. छापील कागद होता: "सुचना : सर्व रहीवाशांनी जेवणाच्या वेळी हॉलमध्ये उपस्थीत रहावे." त्यावर पेनाने 'सु'चा 'सू' केलेला, 'रहीवाशांनी'मधली वेलांटी उलटवलेली, 'उपस्थीत'वरही तेच, आणि समासात तिन्हींसाठी तीन नीट खुणा. 'रहावे'चं 'राहावे' केलेलं. सकाळी काय खाल्लं हे ज्या माणसाला दुपारी सांगता येत नव्हतं, त्याच्या हातून एकही चूक सुटली नव्हती. पुढे पुढे ऑफिसातल्या मुलाने लावण्याआधीच कागद काकांसमोर ठेवायला सुरुवात केली. गंमत म्हणून असेल. काकांनी तो गंभीरपणे वाचायचा, खुणा करायच्या, खाली सही करून परत द्यायचा. ते काम चाललेलं असताना त्यांच्या चेहऱ्यावर आजारी माणसाचा चेहरा नसायचा, एवढं मी शपथेवर सांगेन.

ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी नव्वदच्या दशकात स्मृतिभ्रंशाकडे बघण्याची दिशा बदलली. १९९८ मध्ये, साठी-एकसष्टीतच, ते गेले, पण व्यक्तिकेंद्री काळजीची आजची भाषा बरीचशी त्यांची आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाचं 'माणूसपण' फक्त त्याच्या मेंदूत साठवलेलं नसतं, ते भोवतालची माणसं त्याला देत असतात, आणि म्हणून ती ते काढूनही घेऊ शकतात. मेंदूची झीज खरीच, पण तिच्यावर भोवतालच्या वागणुकीचा थर चढतो आणि माणूस आजाराने खचला असता त्यापेक्षा जास्त खचतो. अशा वागणुकीचे सतरा प्रकार त्यांनी नोंदवले. लहान मुलासारखं वागवणं, शिक्का मारणं, समोर असूनही तो नसल्यासारखं आपापसात बोलणं, धाक घालणं. आणि हे करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतो असं नाही, हेही त्यांनी ठासून सांगितलं. बहुतेक जण जीव लावून काम करणारे असतात.

त्या सतरांतला एक प्रकार मला सारखा दिसतो: समोरच्याला झेपणार नाही इतक्या वेगाने बोलणं आणि वागणं. "काका उठा, हात वर, दुसरा, चला चला, पाय सोडा खाली, चप्पल, हं उभे राहा." यात एकही शब्द वाईट नाही. पण ज्याला एक वाक्य डोक्यात शिरायला दहा सेकंद लागतात, त्याच्यावर तेवढ्या वेळात पाच हुकूम पडतात आणि दोन अनोळखी हात शर्टाची बटणं काढत असतात. तो हात उगारणार नाही तर काय करणार?

आंघोळीबद्दल तर स्वतंत्र लिहायला हवं. केअर होममधल्या मारामाऱ्या, शिव्या, चावे हे सगळं बघायचं असेल तर आंघोळीची वेळ गाठावी. विचार करा: थंड, टणक खुर्चीवर उघड्या अंगाने बसलोय, नातवाच्या वयाचं कोणी तरी अंगावर पाणी मारतंय, डोळ्यात साबण जातोय आणि हे का चाललंय ते कळत नाही. अमेरिकेत फिलिप स्लोन, जोॲन रॅडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरच काम केलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. एका गटात शॉवरच, पण माणसाच्या कलाने: अंग टॉवेलने झाकलेलं, पाण्याची ऊब त्याला विचारून, एकेक भाग धुवायचा, डोकं नको म्हणाला तर डोकं आज नाही. दुसऱ्या गटात पलंगावरच, मोठ्या ऊबदार ओल्या टॉवेलखाली, धुवावा न लागणारा साबण लावून हळूहळू चोळत स्वच्छ करायचं. दोन्ही पद्धतींत प्रतिकार आणि आक्रमकता निम्म्याहून जास्त घटली. शॉवरला काही मिनिटं वाढली, टॉवेलच्या पद्धतीत वेळही फारसा वाढला नाही. स्वच्छतेतही काही कमी पडलं नाही.

हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या दोन-तीन मिनिटांचा. तीस माणसांना तीन मिनिटं म्हणजे दीड तास. तो दीड तास कोणाच्या तरी पगाराचा असतो. व्यक्तिकेंद्री काळजीवर बोलताना प्रेम, आपुलकी, सेवाभाव असे शब्द फार लवकर येतात, आणि मला त्यांचा थोडा रागच येतो. प्रेमळ माणसाला जर सकाळच्या दोन तासांत दहा आंघोळी उरकायच्या असतील तर त्याचं प्रेम तिसऱ्या आंघोळीला संपतं. कमी पडतो तो वेळ, आणि तो वेळ कुठे खर्च करायचा हे ठरवायचा अधिकार. त्या ताईकडे आपुलकी पहिल्यापासून होती. अधिकार मिळाल्यावर तिचा उपयोग झाला.

अधिकाराचा प्रश्न आतल्या माणसांच्या बाबतीत तर अजूनच नाजूक. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा १९७६ चा प्रयोग मानसशास्त्राच्या वर्गांत हमखास शिकवला जातो. अमेरिकेतल्या एका नर्सिंग होमच्या दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना रोपं दिली. एका मजल्यावर सांगितलं, रोप हवं का ते ठरवा, हवं ते निवडा, निगा तुम्ही राखा. खोलीतलं सामान कसं लावायचं, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा हेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर तेच रोप, तोच सिनेमा, तीच गोड भाषा. फक्त पाणी नर्स घालणार आणि दिवसही त्याच ठरवणार. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही, जास्त सावध झाली. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले होते, दुसऱ्या गटातले ३० टक्के.

हा शेवटचा आकडा भाषणांत फार वापरतात. त्यामागचं गणित चुकलं होतं आणि लेखिकांनीच पुढे दुरुस्तीची टीप छापली, हे मात्र कोणी सांगत नाही. दुरुस्तीनंतर मृत्यूंमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर जेमतेम काठावर आला. तेव्हा रोपाला पाणी घातल्याने आयुष्य वाढतं असं कोणी सांगितलं तर मान हलवू नये. दिवस अधिक बरे जातात, एवढं मात्र म्हणता येतं, आणि मला तेवढं पुरतं.

१९७६ मध्येच रिचर्ड शुल्झ यांनी केलेला प्रयोग तितका प्रसिद्ध नाही, पण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी वृद्धांना भेटायला जात. काहींच्या बाबतीत भेट कधी आणि किती वेळ हे वृद्ध व्यक्ती स्वतः ठरवी. काहींना निदान आधी कळवलेलं असे. काहींकडे विद्यार्थी अवचित येत. काहींकडे कोणीच येत नसे. ज्यांना ठरवता येत होतं किंवा आधी कळत होतं त्यांची तब्येत आणि मन दोन्ही सुधारलं. प्रयोग संपला, विद्यार्थी निघून गेले. नंतर शुल्झ आणि बार्बरा हानुसा यांनी परत जाऊन पाहिलं, तर जे सगळ्यात जास्त सुधारले होते तेच सगळ्यात जास्त घसरले होते.

केअर होममध्ये हौसेने येणाऱ्या प्रत्येक गटाला हे सांगावंसं वाटतं. सणासुदीला येऊन गाणी म्हणणारे, फोटो काढणारे, "पुन्हा येऊ हं आजी" म्हणून जाणारे. येऊ नका असं नाही. पण ज्या माणसाच्या हातात फारसं काही उरलेलं नाही त्याला वाट बघायला लावून न येणं, हे न येण्यापेक्षा वाईट आहे.

आतल्या माणसांना स्वतःला काय हवं असतं? रोझाली केन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शाबूत बुद्धीच्या रहिवाशांना आणि त्यांची कामं करणाऱ्या सहायकांना हे सरळ विचारलं. झोपायची-उठायची वेळ, खाणं, खोलीतला जोडीदार, स्वतःचे पैसे, फोन, बाहेर जाणं, डॉक्टरांशी आपणहून बोलता येणं. उत्तरात हे होतं. यातलं काहीही खर्चिक नाही, आणि सहायकांनाही ते महत्त्वाचं वाटत होतं. आपल्या हातात यातलं पुरेसं आहे असं मात्र रहिवाशांना वाटत नव्हतं.

बाहेर जाणं आलं की पडण्याची भीती आली, आणि इथे संस्थेपेक्षा घरचे जास्त आडवे येतात. अपंगांसाठी काम करणारे रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये एक विचार मांडला होता: धोका पत्करता येणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, आणि सगळे धोके काढून टाकले की प्रतिष्ठाही सोबत जाते. वाचताना मी जोरात मान डोलावली. पण काकांना वॉकर घेऊन एकट्याने बागेत जायची परवानगी द्यायची का, अशा विचारणेचा फोन आला तेव्हा माझा चुलतभाऊ तत्काळ "नको" म्हणाला, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पडले, खुबा मोडला, तर अपराधी कोण? दुपारभर भिंतीकडे बघत बसून माणूस आतून विझला तर त्याची एक्स-रे प्लेट निघत नाही, म्हणून तो अपराध कोणाच्या नावावर चढत नाही. शेवटी तडजोड निघाली: सकाळी ऊन असताना, मळलेल्या एकाच वाटेने, माळी बागेत असेल तेव्हा. काका एकदा पडले. कोपर खरचटलं. बाग बंद झाली नाही, याचं श्रेय मी चुलतभावाला देते; त्याला ते सोपं गेलं नव्हतं.

बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावच्या चेज मेमोरियल नर्सिंग होममध्ये काम करत होता. आतल्या माणसांना आजारांपेक्षा एकटेपणा, असहायता आणि कंटाळा मारतोय असं त्याचं निदान. त्याने तिथे कुत्री आणली, मांजरं आणली, आणि शंभर पक्षी. पक्षी आले तेव्हा पिंजरे पोचलेच नव्हते म्हणतात, आणि त्या गोंधळात कर्मचारी आणि रहिवासी पहिल्यांदा एकत्र हसले. मला त्याचं असहायतेवरचं औषध विशेष आवडतं: माणसाला सतत दुसऱ्याकडून काळजी करून घ्यायला लावू नका, त्यालाही कोणाची तरी काळजी घेऊ द्या. पुढे २००३ मध्ये त्याच्याच कल्पनेतून मिसिसिपीतल्या टुपेलो इथे दहा-बारा जणांची छोटी घरं उभी राहिली, जिथे तेच मोजके कर्मचारी स्वयंपाकही करतात, आंघोळही घालतात आणि शेजारी बसून जेवतातही. नेदरलँड्समधल्या वेस्प इथलं हॉगवाइक हे स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी वसवलेलं अख्खं खेडं २००९ पासून तर जगभरातून लोक बघायला जातात. इमारत सुंदर असावी, कोण नको म्हणेल. फक्त सुंदर इमारतीतही सकाळी सहाला उठवता येतं, हे विसरू नये.

हल्ली बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या वेळी घरच्यांकडून एक माहितीपत्रक भरून घेतात. आवडीनिवडी, नोकरी, छंद, कशाची भीती, कोणती गाणी. चांगली पद्धत आहे. पण त्यातही एक खोच आहे, आणि ती कोणी बोलत नाही. ते पत्रक घरचे भरतात, म्हणजे त्यात घरच्यांना माहीत असलेला माणूस येतो. जन्मभर पूजा केलेल्या आजींना इथे आल्यावर पूजा नकोशी झाली, तर त्यांच्या फाइलमध्ये 'धार्मिक वृत्ती' असल्याने त्यांना रोज भजनाला नेऊन बसवतात. शिक्षक होते म्हणून एखाद्याला सारखं "गुरुजी, काही शिकवा ना", आणि त्या गुरुजींना चाळीस वर्षांनी पहिल्यांदा गप्प बसायला मिळालेलं असतं. माणूस सत्तरीनंतर, ऐंशीनंतरही बदलतो. जुना माणूस जपण्याच्या नादात समोरचा माणूस हरवू शकतो.

काकांनी शेवटच्या वर्षात कागद तपासणं सोडलं. समोर ठेवला की ते तो उलटा करून ठेवायचे. ऑफिसातल्या मुलाला वाईट वाटलं, त्याने वेगवेगळे कागद देऊन पाहिले, मोठ्या अक्षरांत छापून पाहिलं. तेव्हा तीच रात्रपाळीची ताई म्हणाली, "अरे, नको देऊ. त्यांची ड्युटी संपली आता." त्यानंतर तिने त्यांच्या हातात पेन देणं बंद केलं आणि संध्याकाळी त्यांच्या तळव्यांना तेल चोळायला लागली. हे तिला कुठल्याही पत्रकातून कळलेलं नव्हतं. तीन वर्षं तोच माणूस रोज बघितल्याने कळलं होतं.

माझ्या लेखी सगळा मामला इथे येऊन ठेपतो. एखाद्या माणसाची ओळख ही नुसती माहिती नसते, ती कोणाच्या तरी अंगात मुरलेली असते, आणि ते कोणी तरी नोकरी सोडून गेलं की तिच्यासकट जातं. आंघोळीला उजवा हात आधी ओला केलेला चालतो, डावा नाही. 'चला' म्हटलं की बिथरतात, 'येता का' म्हटलं की येतात. दुपारी चारनंतर आरशासमोरून नेऊ नये. हे फाइलमध्ये लिहायचं म्हटलं तरी कोण लिहिणार, आणि नवीन आलेली मुलगी पहिल्या दिवशी तीस फाइली कधी वाचणार? कमी पगार, मोडलेली कंबर, रहिवाशांचे फटके आणि नातेवाइकांची बोलणी, यांवर माणसं टिकत नाहीत. ज्यांना कोणी 'व्यक्ती' म्हणून वागवत नाही त्यांच्याकडून आपण व्यक्तिकेंद्री काळजीची अपेक्षा करतो.

म्हणून उठायच्या वेळेनंतर माझा दुसरा प्रश्न असतो: इथल्या एका माणसाला महिन्याभरात किती वेगवेगळे लोक आंघोळ घालतात? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला हसून उत्तर मिळतं, "सगळे ट्रेंड आहेत, काळजी करू नका." मागे एका मैत्रिणीच्या आईसाठी जागा बघत होतो. तिथल्या व्यवस्थापक बाई हसल्या नाहीत. "हे मोजलं नाही कधी," असं म्हणून त्यांनी ड्युटी चार्ट काढला, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली धरली आणि बोट फिरवत नावं मोजायला लागल्या. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा महिन्याची वीस तारीखही आली नव्हती. मग त्यांनी पेन्सिल घेऊन मजल्याचे दोन गट पाडता येतील का ते तिथल्या तिथे आखून पाहिलं. दिवसपाळीचं जमत होतं. रात्रपाळीला आणखी एक माणूस लागत होतं, आणि ती जागा भरायची मंजुरी वरून यायची होती. मैत्रिणीने फॉर्म घेतला, आणि मंजुरी आली का हे विचारायला दर सोमवारी फोन करते.